उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच बराचसा ठेवला आहे.)



फळ्यावर आजचा विषय लिहिलाय : 'उद्योगांचं सामाजिक उत्तरदायित्व'. मी मॅट्रिक. असले शब्द वाचताना दम लागतो. म्हणून मी आपला सीएसआर म्हणणार, वस्तीत सगळे म्हणतात तसं. चष्म्याचं शिबिर आलं की आमच्या चाळीतली म्हातारी म्हणते, सीएसआरवाले आले गं. पूर्वी म्हणायची, मिशनवाले आले.

सुरुवात कायद्यापासून करतो. कारण आपल्यातले निम्मे समजतात की शेठ लोक मनाच्या मोठेपणानं देतात आणि उरलेले निम्मे समजतात की काळा पैसा पांढरा करायला देतात. मोठेपणा असेल कुणाचा, काळा पैसाही असेल, पण मूळ गोष्ट अशी की कायद्यानं द्यावं लागतं. २०१३ साली संसदेनं नवा कंपनी कायदा केला. त्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मत्ता ५०० कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजाच्या कामावर घालायचे. कुठल्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शिक्षण, आरोग्य, पाणी, संडास, झाडं, खेळ, झोपडपट्टी सुधारणा. सामाजिकदृष्ट्या मागासांची विषमता कमी करणं हेसुद्धा त्या यादीत आहे, पण त्याचा फोटो कसा काढायचा हे कुणाला कळत नसावं. अलीकडच्या वर्षांत सगळ्या कंपन्यांचा मिळून हा खर्च वर्षाला २५,००० कोटींच्या वर जातो.

नाही खर्च केला तर? सुरुवातीची काही वर्षं फक्त अहवालात कारण लिहायचं. गृहपाठ केला नाही की पोरगं आईची चिठ्ठी आणतं, तसं. २०१९ साली दुरुस्ती आली, तिच्यात अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद होती. उद्योगवाल्यांनी जो काही गलका केला! महिन्याभरात अर्थमंत्र्यांनी सांगून टाकलं की हा फौजदारी गुन्हा धरणार नाही. २०२० साली तुरुंग गेला, दंड आला. आता न खर्चलेला पैसा ठरलेल्या सरकारी फंडात टाकावा लागतो.

हे ध्यानात ठेवा आणि त्याच २०१३ साली त्याच संसदेनं केलेला दुसरा कायदा आठवा. हातानं मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा. त्यात तुरुंग पहिल्यापासून आहे, आजही आहे. त्याविरुद्ध कुणी शेठनं गलका केला नाही, कारण त्या तुरुंगात कुणी जात नाही हे सगळ्यांना ठाऊक. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख द्या. पाच दिवसांनी १३५ वं कलम लागू झालं. आता हिशेब करा. ५ कोटी नफ्याचे २ टक्के किती? १० लाख. म्हणजे कायद्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली कंपनी वर्षभरात समाजाला जेवढं देणार, तेवढी त्या आठवड्यात गटारात मेलेल्या एका माणसाची किंमत होती. २०२३ च्या ऑक्टोबरात कोर्टानं ती ३० लाख केली. माणूस अजून उतरतो. कुठल्या जातीचा उतरतो ते या खोलीत सांगायची गरज नाही.

आता वाद काय आहे तो बघू. वाद जुना आहे आणि तो त्यांचा आपसातला आहे. आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन नावाचा अर्थशास्त्री होता. १९७६ साली त्याला नोबेल मिळालं. १३ सप्टेंबर १९७० ला न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये त्याचा लेख आला. धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं, हे त्यानं लेखाच्या नावातच सांगून टाकलं. त्याचं म्हणणं असं की कंपनीचा मॅनेजर हा भागधारकांचा नोकर. तो समाजसेवा करतो ती दुसऱ्याच्या पैशानं. म्हणजे तो कर बसवतो आणि तो कर कशावर उधळायचा हेही तोच ठरवतो. त्याला निवडून कुणी दिलं? समाजाला काही हवं असेल तर समाजानं मत द्यावं, सरकारानं कायदा करावा. कंपनीनं आपली नियमात राहून, फसवाफसवी न करता कमाई करावी.

हा माणूस आपला वैरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याचा एक प्रश्न मला आवडला. निवडून कुणी दिलं? आपल्या वस्तीला काय पाहिजे हे नरिमन पॉइंटच्या अकराव्या मजल्यावर बसून जे ठरवतात त्यांना कुणी निवडलं? फ्रीडमन हे भागधारकांच्या वतीनं विचारत होता. आपण आपल्या वतीनं विचारू. आणि त्याला उलटं हेही विचारू, की बाबा, नियमात राहून कमवा म्हणतोस, तर नियम लिहितं कोण? २०१९ चा तुरुंग २०२० त कुणाच्या गलक्यानं पुसला गेला?

दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कंपनी एकट्या भागधारकांची नसते. कामगार, गिऱ्हाईक, माल पुरवणारा, आसपासची वस्ती, सगळ्यांचा तिच्यात जीव अडकलेला असतो. एडवर्ड फ्रीमन याचं हे मांडणारं पुस्तक १९८४ चं. त्याच १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. कंपनीत आपला जीव अडकलाय म्हणजे काय, ते आसपासच्या वस्तीला त्या रात्री कळलं. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आपल्या कायद्यानं या दुसऱ्या बाजूचं निम्मंच उचललं. आसपासची वस्ती घेतली. कलमात स्पष्ट आहे की कंपनी जिथं काम करते त्या भागाला पसंती द्यावी. कामगार मात्र गाळला. त्याकडे मी येतो.

पण आधी मुंबईची एक गोष्ट, कारण कुणी म्हणेल हे सगळं अमेरिकेतून आलं. अजिबात नाही. जे. जे. हॉस्पिटल कुणी बांधून दिलं? सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. १८४५ चं हॉस्पिटल. माहीमचा कॉजवे त्यांच्या बायकोच्या पैशाचा. पुढे आर्ट स्कूल झालं. पैसा कुठला? चीनला जाणाऱ्या मालाचा, आणि त्या मालात मोठा वाटा अफूचा. ससूनांचंही तेच. ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, आणि मागं अफूच्या पेट्या. आपल्याच बंदरातून त्या गेल्या. पेट्या उचलणाऱ्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं मला दिसलं नाही. पेटीतला माल ओढून चीनमध्ये जो खंगला त्याचं तर नाहीच नाही. मी स्वतः जेजेत जन्मलोय. हॉस्पिटल वाईट आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तिथल्या नर्स नसत्या तर मी आज बडबडत नसतो. मी एवढंच म्हणतो, की पुतळ्याकडं बघताना पेटीकडंही बघत जा.

आता मुद्द्याचं. सीएसआरचा वाद आपल्यासाठी १९३२ सालीच झालेला आहे आणि तो बाबासाहेबांनी केलेला आहे.

२४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. लगेच आठवडाभरात अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ निघाला, तो पुढे हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला. सेक्रेटरी ठक्करबापा. म्हणजे बघा, देशातला एक मोठा भांडवलवाला आमच्या उद्धाराचा अध्यक्ष. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते. नोव्हेंबर महिना, 'व्हिक्टोरिया' बोट, पोर्ट सैदच्या आसपास कुठंतरी. तिथून त्यांनी ठक्करबापांना लांबलचक पत्र लिहिलं. मी बोटीवर काम करतो म्हणून मला हे पत्र जास्तच भिडतं, पण तुम्हीही वाचा. त्यांच्या काँग्रेस-गांधींवरच्या १९४५ च्या पुस्तकात ते आहे.

पत्रात ते म्हणतात, माझ्या शब्दांत सांगतो, दलितांचं काम करण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत समजते की माणूस दुःखात आहे तो त्याच्यातल्या काहीतरी खोटीमुळं. दारू पितो, शिकत नाही, घाण राहतो. मग त्याला सुधारा. शाळा काढा, वाचनालय काढा, तालीम काढा. दुसरी रीत समजते की माणूस दुःखात आहे तो भोवतालच्या परिस्थितीमुळं, आणि परिस्थिती बदलल्याशिवाय त्याचं काही भलं होणार नाही. पहिल्या रीतीनं दोनचार माणसं वर येतील. दुसरीनं सगळा वर्ग उठेल. संघानं दुसरी धरावी असा बाबासाहेबांचा आग्रह होता. विहिरीवर हक्क, शाळेत हक्क, चावडीवर हक्क. त्यात भांडण होईल, डोकी फुटतील, तरी ते करा.

आणि पुढं त्यांनी नोकरीचा प्रश्न घातला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत आमचा माणूस सगळ्यात कमी पगाराच्या खात्यात कोंडलाय, महिना पंचवीस रुपयांवर. विणकाम खातं त्याला कायमचं बंद. का बंद? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या संपातही बाबासाहेबांनी हेच पुढं आणलं होतं आणि लाल बावटेवाल्यांनी ते मान हलवत, नाइलाजानं घेतलं होतं. रीळ खात्यात आमच्या बायांचे हाल वेगळे. माल वाटणारी नायकीण आपल्या जातीच्या बाईला आधी माल देणार, आमची बाई तासन् तास बसून, आणि पैसे तर नगावर. आता विचार करा, हे पत्र ज्या संघाला जातंय त्याचा अध्यक्ष स्वतः गिरण्यांचा मालक. बाबासाहेब त्याच्याकडं वाचनालय मागत नव्हते. ते म्हणत होते, तुमच्या खात्यात घ्या.

पत्राची पोचसुद्धा आली नाही. असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

पुढं दलितांचं एक शिष्टमंडळ गांधीजींना भेटलं. संघाच्या मंडळावर आमचीही माणसं घ्या म्हणालं. उत्तर मिळालं की हे हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा कारभारही तेच करणार. आज कुठल्याही फाउंडेशनच्या बाईंना विचारा, ट्रस्टींत आमच्या वस्तीतला एक घ्याल का? त्या गोड हसतील. उत्तर तेच असेल, फक्त प्रायश्चित्त हा शब्द नसेल. प्रायश्चित्तात निदान पाप कबूल करावं लागतं.

आता मी माझ्या धक्क्यावर येतो.

मी बंदरात लॅशिंगच्या टोळीत आहे. जहाजावर कंटेनरवर कंटेनर रचतात, ते समुद्रात हलू नयेत म्हणून लोखंडी सळया अडकवून टर्नबकल आवळायचे, आणि माल उतरायच्या आधी सोडायचे. सळई माणसापेक्षा उंच. पावसात हातातून सुटते. माझ्या गेटपासवर ठेकेदाराचं नाव आहे. ज्याच्या जहाजावर चढतो त्याचं नाही, ज्याच्या धक्क्यावर उभा राहतो त्याचंही नाही. माझा आजा याच कामात होता, मुंबईच्या गोदीत. पण तो नोंदलेला कामगार होता. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानं डॉक लेबर बोर्ड आलं होतं. बोट नसली तरी हजेरीचे पैसे मिळत. १९९७ चा कायदा आला आणि मोठ्या बंदरांतून ती व्यवस्था काढून घ्यायची वाट मोकळी झाली. आजाला रिटायर होताना ग्रॅच्युइटी मिळाली. मला पर्यावरण दिनाला टी-शर्ट मिळाला. हिरवा. मागं कंपनीचं नाव, पुढं पान. सकाळी चार तास झाडं लावून घेतली आणि ठेकेदारानं त्या दिवसाचा अर्धा रोज कापला, कारण टोळी जहाजावर नव्हती.

आमच्या टोळीतल्या एकाची दोन बोटं सळईखाली गेली. ठेकेदारानं दोन हजार दिले आणि म्हणाला, पट्टी कर, पुढच्या आठवड्यात ये. धक्क्याच्या साहेबांनी सांगितलं, हा आमचा माणूस नाही. कागदावर खरंच नव्हता. दीड महिन्यानं गेटबाहेर त्याच कंपनीच्या फाउंडेशनचं आरोग्य शिबिर लागलं. हाही रांगेत उभा राहिला. वजन झालं, रक्तदाब झाला, व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या, फोटो निघाला. वर्षाच्या शेवटी गुळगुळीत कागदाचं पुस्तक छापलं, त्यात तो फोटो. खाली लिहिलेलं : स्थानिक समाजातील लाभार्थी.

आता कळलं का कामगार कुठं गाळला? सीएसआरच्या नियमांत लिहिलंय की कंपनीनं स्वतःच्या नोकरांच्या फायद्यासाठी केलेलं काम यात धरायचं नाही. नियम तसा बरोबर आहे. नाहीतर शेठ लोक कँटीनचा चहाही समाजसेवेत लिहितील. पण ठेकेदारीच्या राज्यात त्याची गंमत होते. पगाराच्या, बोनसच्या, भरपाईच्या वेळी मी कंपनीचा नाही. शिबिराच्या वेळीही मी कंपनीचा नाही, म्हणूनच मला शिबिरात घेता येतं. मी तिथं आठ-आठ तास, कधी बारा तास राबतो आणि तिच्या पुस्तकात माझी नोंद होते ती लाभार्थी म्हणून! तोच हात. कामाच्या वेळी ठेकेदाराचा, फोटोच्या वेळी समाजाचा.

हे मी तोंडची वाफ दवडत नाही. २०२० चा लॉकडाऊन आठवा. मार्चच्या शेवटी सरकारनं सांगितलं की पीएम केअर्समध्ये दिलेला पैसा सीएसआर धरला जाईल. १० एप्रिलला खुलासा आला : मुख्यमंत्री निधीत दिलेला धरला जाणार नाही. त्याच खुलाशात पुढं आहे की लॉकडाऊनमध्ये दिलेला पगार सीएसआर नाही, ते मालकाचं कर्तव्यच आहे. हंगामी, रोजंदारीवाल्यांचा पगारही नाही. मात्र या रोजंदारीवाल्यांना पगाराच्या वर खुशीनं काही दिलं तर ते, एकवेळचा अपवाद म्हणून, सीएसआरमध्ये चालेल. वाचताना मी उठून बसलो. सरकारच्या कागदावर आम्ही एका ओळीत कामगार होतो आणि पुढच्या ओळीत दानाला पात्र झालो. तोवर आमच्यातले कित्येक रस्त्यानं चालत गावाला लागले होते. पगार द्या म्हणणारा २९ मार्चचा हुकूम १८ मेपासून मागंही घेतला गेला.

याच्या उलट रीत आपल्याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पाठीवर ओझं वाहणारा माणूस बोर्डात नोंदतो. ज्याचा माल उचलला तो मजुरी बोर्डात भरतो आणि त्याच्या वर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. लेव्ही भरणाऱ्या व्यापाऱ्याचा फोटो कुठं लागत नाही आणि माथाडी त्याला हार घालत नाही. बोर्डातही घाण शिरली आहे, खोटे माथाडी, खंडणी, सगळं मला माहीत आहे. तरी लेव्ही मजुरीवर बसते. मी उचललेल्या गोणीवर बसते. नफा झाला की नाही, शेठचं मन भरलं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सीएसआरचे २ टक्के नफा मोजून झाल्यावर निघतात. त्या नफ्यात माझा कापलेला अर्धा रोज आधीच जमा झालेला असतो. म्हणून मी म्हणतो, चर्चा करायची तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांची करा. ते आले कसे?

नोकरीचंही तसंच. २००४ नंतर खासगी उद्योगात आरक्षणाची चर्चा निघाली, तेव्हा उद्योगवाल्यांच्या संघटना एकत्र आल्या. सीआयआय आणि असोचॅम यांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमला, २००६ साली. त्यांचं म्हणणं : कायदा नको, आम्ही आपखुशीनं करू. शिष्यवृत्त्या देऊ, कोचिंग देऊ, दलित उद्योजक घडवू. बाबासाहेबांच्या पत्रातली पहिली रीत, बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी. दुसऱ्याच वर्षी, २००७ साली, सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी एक अभ्यास छापला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. काही सवर्ण, काही दलित, काही मुसलमान. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची त्याहून कमी, एक तृतीयांश. मग २०१२ साली आणखी काही अभ्यासकांनी देशातल्या एक हजार बड्या कंपन्यांची संचालक मंडळं तपासली. संचालकांत पुढारलेल्या जाती ९३ टक्के. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. कोचिंग क्लास काढून हे सुटेल? पोरगं कोचिंग करून, गुण मिळवून अर्ज टाकणार आणि आडनावापाशी अडकणार. ज्या टेबलावर अर्ज अडकला त्याच टेबलावरून कोचिंगचा चेक निघालेला असणार.

एक आठवलं म्हणून सांगतो. मी कविता लिहितो हे फाउंडेशनच्या एका बाईंना कुणीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या महिला दिनाच्या पोस्टरला चार ओळी द्या ना, पण पॉझिटिव्ह लिहा. मी रात्रभर बसलो. सळई, पाऊस, तुटलेलं बोट, असंच काहीतरी येत राहिलं. दिल्या नाहीत.

आता आपल्या घरातली भानगड. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, अभ्यासिकेसाठी पत्र आलंय. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. रंग, पत्रे, दहा कॉम्प्युटर, दोन वर्षं एका मास्तरचा पगार. बदल्यात तीन गोष्टी. दारावर त्यांची पाटी. पोरांची लाभार्थी म्हणून फोटोसकट यादी. आणि तिसरी, बारीक अक्षरात : जागेचा वापर केवळ शैक्षणिक कामासाठी. या तिसरीचा अर्थ नीट समजून घ्या. आजचा हा अभ्यासवर्ग त्या जागेत होऊ शकणार नाही. सहा डिसेंबरच्या तयारीची बैठक होऊ शकणार नाही. मजुरीच्या तक्रारी लिहून द्यायला आपण दर गुरुवारी बसतो, तेही बंद.

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, भीक नको, थुंकू त्यांच्या चेकवर. मला हे ऐकायला बरं वाटतं, माझ्या कवितेत हेच असतं. पण परवा आपली एक बहीण बोलली, एमपीएससी करते ती. म्हणाली, तुमचं थुंकणं ठीक आहे, मला रात्री अकरानंतर लाइट आणि बसायला जागा पाहिजे, घरात सात माणसं आहेत. तिला मी काय उत्तर देऊ? १९३२ च्या पत्रात बाबासाहेबांनी वाचनालय वाईट म्हटलेलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनीच काढली, होस्टेलं काढली. प्रश्न वाचनालय हवं की नको हा नव्हताच. वाचनालय देऊन विणकाम खात्याचा दरवाजा बंद ठेवायला मिळतो का, हा होता.

माझं मत स्पष्ट सांगतो. पैसा घ्यायचा. तो नफ्यातून आलाय आणि नफ्यात आपल्या टोळ्यांचा घाम आहे. पण आभाराचं पत्र लिहायचं नाही. 'आपल्या कृपेनं' वगैरे तर अजिबात नाही. पत्रात १३५ वं कलम लिहायचं आणि त्यातली स्थानिक भागाला पसंती द्यायची ओळ लिहायची. म्हणजे कळेल की आपण वाचलंय. तिसरी अट मान्य नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं. त्यावर त्यांनी पैसा परत घेतला तर घेऊ द्या, मग लाइटचं बिल आपण वर्गणीतून भरू. आमची टोळी महिन्याला माणशी पन्नास देईल, मी विचारून आलोय. फोटोची यादी द्यायची नाही. कॉम्प्युटर किती आले, मास्तर किती दिवस आला, याचा हिशेब मागतील तेवढा द्यायचा, पैशाचा हिशेब मागणं हा त्यांचा हक्क आहे.

आणि त्यांच्याकडून आपण तीन माहित्या मागायच्या. तुमच्या धक्क्यावर ठेकेदाराचे कामगार किती आणि त्यांचा रोज किती. मागच्या तीन वर्षांत अपघात किती नोंदले, भरपाई किती दिली. कायम नोकरीत आपली माणसं किती आणि झाडू-लोट्याच्या कामाच्या वर किती. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या श्रमसंहितेतही आहे. तेही पत्रात घाला. उत्तर येणार नाही असं काहीजण म्हणतील. नसेल येत. मग पुढच्या वर्षी शिबिर लागेल तेव्हा रांगेत उभं राहून प्रत्येकानं तोंडी विचारायचं, वजनकाट्यावर चढायच्या आधी.

पाटीचा प्रश्न राहिला. काहीजण म्हणतात लावू दे, पत्र्याचा तुकडा आहे. मला ते पटत नाही, दारावर नाव त्याचंच असावं ज्याच्या नावानं आपण आत बसतो. पण हे माझं एकट्याचं मत, कमिटीनं मतदान करावं. रविवारी सकाळी बैठक आहे. शनिवारी माझी रात्रपाळी आहे, सुटल्यावर थेट येतो, उशीर झाला तर थांबा. पत्राचा मसुदा मराठीत मी लिहीन, इंग्रजी कोण करणार ते आत्ताच सांगा.

जयभीम.